वडूज, सातारा की पुणे? कलाशाखेचे कॉलेज निवडताना

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की वडूज, कातरखटाव, निमसोड, गुरसाळे, एनकूळ अशा गावांतून कॉलेजची चर्चा सुरू होते. सायन्सच्या मुलांची वाट सीईटीच्या गुणांनी बरीचशी ठरवून टाकलेली असते. कलाशाखेच्या मुलामुलींसाठी मात्र घरात फारसे कुणी डोके चालवत नाही. ‘आर्ट्सच करायचंय ना, मग कुठंही कर की’ एवढ्यावर विषय मिटतो. आमचे म्हणणे असे, की सर्वांत जास्त विचार इथेच करायला हवा. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात यंत्रे असतात, प्रयोगशाळा असतात, काही किमान गोष्टी तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाने ठेवाव्याच लागतात. कलाशाखेत शिकवणारा माणूस, वाचनालय आणि सोबतीची मुले एवढीच सामग्री असते. त्यातले एक जरी कच्चे निघाले, तरी पदवी हातात पडते आणि शिकायचे राहून जाते.

खटाव तालुक्यातल्या मुलापुढे पर्याय कमी नाहीत. वडूजमध्येच दादासाहेब जोतीराम गोडसे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. औंधला राजा श्रीपतराव भगवंतराव महाविद्यालय, खटावला शहाजीराजे महाविद्यालय, शेजारच्या माण तालुक्यात दहिवडी कॉलेज, साताऱ्याच्या वाटेवर कोरेगावचे डी. पी. भोसले कॉलेज. थोडे पुढे गेले की सातारा, कऱ्हाड, विटा, सांगली. त्यापलीकडे पुणे. आणि आता जाहिरातींमधून चौथा पर्यायही दिसू लागला आहे, तो म्हणजे ‘लिबरल आर्ट्स’ नावाने चालणाऱ्या खासगी विद्यापीठांचा. पुण्यात सिंबायोसिसने २०११ मध्ये असे स्वतंत्र महाविद्यालय काढले, फ्लेम विद्यापीठ आहे, आणि हरियाणात सोनिपतला २०१४ पासून अशोका विद्यापीठ चालते.

या शेवटच्या पर्यायाचे आधी बोलून घेऊ, कारण तो सगळ्यात थोड्यांच्या आवाक्यातला आहे. तिथले शिक्षण चांगले नाही असे कुणी म्हणू नये. एकाच विद्यार्थ्याने अर्थशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान, संगणकाबरोबर इतिहास शिकावा, दर आठवड्याला लिहावे, वर्गात वाद घालावा, ही पद्धत उत्तमच आहे. अमेरिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १७९३ मध्ये सुरू झालेल्या विल्यम्स कॉलेजात आजही सुमारे दोन हजारच विद्यार्थी असतात, कारण संस्था मोठी करायचीच नाही असे त्यांनी ठरवलेले आहे. पण असा लहानपणा विकत घ्यावा लागतो. अशोकासारख्या ठिकाणी राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. गरजू मुलांना तिथे सवलत मिळते, आणि ज्याला इंग्रजी लिहिता-बोलता येते, ज्याच्या शिक्षकाने त्याला अर्ज भरायला मदत केली आहे, त्याने तो अर्ज जरूर भरावा. मोफत किंवा जवळजवळ मोफत जागा मिळाली तर इतर कुठलाही विचार न करता जावे. कर्ज काढून मात्र जाऊ नये. बी.ए.साठी बागायतीवर बोजा चढवणे आम्हाला मान्य नाही.

आता खरा प्रश्न येतो तो जवळचे लहान कॉलेज की लांबचे मोठे, हा.

अमेरिकेतल्या लहान कॉलेजात आणि आपल्या तालुक्यातल्या लहान कॉलेजात एक मूलभूत फरक आहे. तिकडे पट मुद्दाम कमी ठेवलेला असतो. आपल्याकडे मुले येत नाहीत म्हणून पट कमी असतो. तृतीय वर्षाला एखाद्या विषयाला दहा-बाराच मुले आहेत, यात चांगलेही आहे आणि वाईटही. चांगले असे की प्राध्यापकाला प्रत्येकाचे नाव, गाव, घरची अडचण माहीत असते. कुणी चार दिवस आले नाही तर घरी फोन जातो. उत्तर लिहून दाखवले तर तपासून मिळते. साताऱ्या-पुण्याच्या शंभर-सव्वाशेच्या वर्गात पहिल्या वर्षाचा मुलगा मागच्या बाकावर बसला की तो तीन वर्षे तिथेच राहू शकतो. वाईट असे की दहा मुलांत वाद घालणारे, आपल्यापेक्षा जास्त वाचलेले, वेगळ्या घरातून आलेले कुणी नसण्याचीच शक्यता जास्त. पट फारच घसरला तर तो विषय पुढच्या वर्षी चालू राहील का, हीही टांगती तलवार असते.

म्हणून कमी मुले आहेत एवढ्यावर कॉलेज चांगले ठरत नाही. कमी मुलांना पुरेसा वेळ देणारा माणूस तिथे आहे का, यावर ते ठरते. इथे महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणातली सर्वांत दुखरी गोष्ट येते. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि त्या तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, भरल्या गेल्या. सीएचबीचे प्राध्यापक कमी शिकलेले असतात असा समज असेल तर तो चुकीचा आहे. त्यांच्यातले कितीतरी जण नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले आहेत आणि मनापासून शिकवतात. पण त्यांना पैसे तासावर मिळतात, नेमणूक वर्षापुरती असते, सत्र सुरू होऊन गेल्यावर होते, आणि घर चालवायला अनेकांना दोन कॉलेजे धरावी लागतात. तास संपला की त्या माणसाला पुढची एसटी पकडायची असते. मग तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बसून मुलांशी बोलणार कोण? लहान कॉलेजाचा जो एकमेव मोठा फायदा, तोच इथे गळून पडतो. दोष त्या प्राध्यापकाचा नाही, जागा न भरणाऱ्या सरकारचा आहे. तरीही प्रवेश घेणाऱ्या मुलाला परिणाम भोगावाच लागतो, म्हणून त्याने हे आधी विचारले पाहिजे.

विचारायचे ते नेमके असे: मला ज्या विषयात बी.ए. करायचे आहे, त्या विषयाला या कॉलेजात कायम प्राध्यापक किती आहेत, आणि ते पुढची तीन वर्षे निवृत्त होणार नाहीत ना? आमच्या मते बाकी सगळ्या प्रश्नांच्या वर हा प्रश्न आहे. इमारत, नॅकची श्रेणी, गावाचे नाव, ड्रेसकोड, वार्षिक स्नेहसंमेलनाला कोण पाहुणे आले, हे सगळे त्याच्या खाली.

नॅकबद्दल थोडे अधिक. श्रेणी अगदीच निरुपयोगी नाही. पण ती संपूर्ण संस्थेला मिळते, तुमच्या विषयाला नाही. आणि काही वर्षांपूर्वीच्या कागदपत्रांवर मिळालेली असते. श्रेणीपेक्षा तिच्यासाठी कॉलेजने भरलेला स्वयंमूल्यमापन अहवाल वाचावा. तो बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर असतो. मंजूर पदे किती, भरलेली किती, वाचनालयावर वर्षाला खर्च किती, हे त्यात आकड्यांत दिलेले असते. घरात कुणाला ते वाचता येत नसेल तर गावातल्या एखाद्या शिक्षकाला तासभर बसवावे.

दुसरी गोष्ट विषयाची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची रचना आली. एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतले काही पर्याय, कौशल्याचे घटक, क्षेत्रीय प्रकल्प. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. कागदावर ही रचना लिबरल आर्ट्सच्या कल्पनेच्या बरीच जवळ जाणारी आहे. पण कागदावर जे विषय दिसतात ते सगळे प्रत्येक कॉलेजात शिकवले जातीलच असे नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी काही विषय तालुक्याच्या कॉलेजात सहसा मिळतात. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, संख्याशास्त्र किंवा एखादी परदेशी भाषा हवी असेल तर बाहेरच पडावे लागेल. आणि पहिल्या वर्षी विषय आहे म्हणून तिसऱ्या वर्षीही तो मेजर म्हणून घेता येईल असे गृहीत धरू नये. चौथे वर्ष तिथे चालते का, हेही विचारावे. तीन वर्षांनंतर एम.ए. करायला दोन वर्षे लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक. हा हिशेब आज कुणी मुलांना समजावून सांगत नाही.

मुलाला जो विषय मनापासून हवा आहे तो वडूजला नसेल, तर पुढची चर्चा थांबवावी आणि त्याला बाहेर पाठवावे. जवळचे कॉलेज आहे म्हणून मानसशास्त्राची ओढ असलेल्या मुलीला राज्यशास्त्र घ्यायला लावणे हा अन्याय आहे.

विषय आहे आणि शिकवणारेही आहेत, असे दिसले तर पारडे जवळच्या कॉलेजाकडे झुकते, आणि त्याची कारणे पैशाच्या पलीकडची आहेत. पैशाचा हिशेब तर सरळ आहे. पुण्यात कॉट बेसिसवर खोली आणि मेस मिळून महिना आठ हजार धरला, तर दहा महिन्यांचे ऐंशी हजार, तीन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. त्यात पुस्तके, प्रवास, आजारपण आले नाही. तेवढ्या पैशांत मुलगा वडूजला पदवी करून पुढे पुण्यात किंवा कोल्हापूरला एम.ए. करू शकतो, आणि तेव्हा तो एकवीस वर्षांचा असतो, अठराचा नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट भाषेची. वडूजच्या वर्गात इतिहास, अर्थशास्त्र मराठीतून शिकता येते, मराठीतून पेपर लिहिता येतो. पुण्याच्या नामवंत कॉलेजात बराचसा व्यवहार इंग्रजीतून चालतो. तिथे गेलेल्या आपल्या मुलांचे पहिले वर्ष अनेकदा गप्प राहण्यात जाते. काहींची त्यातून जिद्द वाढते, इंग्रजी सुधारते, आणि ती पुढे फार लांब जातात. काही मात्र विषयातूनच उठतात. आपले मूल कुठल्या प्रकारचे आहे हे आईवडिलांना आणि हायस्कूलच्या शिक्षकांना माहीत असते. कॉलेज ठरवताना त्या शिक्षकांना विचारायची पद्धत आपल्याकडे पडायला हवी.

आणखी एक कारण आम्हाला महत्त्वाचे वाटते. नव्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प सक्तीचा आहे, आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी खटाव तालुक्याइतके भरलेले क्षेत्र सहज मिळायचे नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. त्या पिढीच्या आठवणी आता नातवंडांच्या तोंडी उरल्या आहेत. इतिहासाच्या मुलाने त्या घरोघर जाऊन टिपून ठेवल्या तर ते खरे काम होईल. औंधला पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये संस्थानाला स्वराज्याची घटना दिली, गांधीजींचा सल्ला घेऊन. राज्यशास्त्राचा विद्यार्थी त्या घटनेवर जागेवर जाऊन अभ्यास करू शकतो. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्प आहे. येरळेकाठचा दुष्काळ, आता फिरू लागलेले उरमोडी धरणाचे पाणी, सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली कुटुंबे: अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकणाऱ्याला आणखी काय हवे? पुण्यात बसून हे विषय सुचतही नाहीत. पण यासाठी मुलांना बरोबर घेऊन फिरणारा प्राध्यापक लागतो. म्हणजे पुन्हा पहिल्याच प्रश्नाशी येऊन पोहोचतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. बाहेर पडण्याने माणूस घडतो हे खरेच आहे. पुण्यात एकांकिका बसवणारी मुले भेटतात, पुरुषोत्तम करंडकाची धामधूम असते, भांडारकर संस्थेसारखी ग्रंथालये असतात, संध्याकाळी कुणाचे तरी व्याख्यान फुकट ऐकता येते. लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, नाटक करणाऱ्या मुलाला वडूजमध्ये जोडीदार मिळेलच असे नाही. तालुक्यात राहणाऱ्या मुलाच्या मागे घरची कामेही लागतात. सोयाबीनची काढणी आली, कांदा लावायचा आला, जनावरे आली की तास बुडतात. अशा मुलाला हॉस्टेलवर पाठवणे म्हणजे त्याला अभ्यासाचा वेळ मिळवून देणे आहे.

मुलींच्या बाबतीत दोन्ही बाजू आणखी तीव्र होतात. वडूजमध्ये कॉलेज आहे म्हणूनच कितीतरी मुलींची पदवी झाली, हे मान्य करायला हवे. ते नसते तर बारावीनंतर शिक्षण संपले असते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. त्यानंतर भाड्याचा काही भाग घरालाच भरावा लागतो, आणि शेवटची गाडी कितीला आहे यावर मुलीने वाचनालयात किती वेळ बसायचे ते ठरते. पण जवळ राहणाऱ्या मुलीला दुसऱ्या वर्षाला असतानाच स्थळे येऊ लागतात, हेही तितकेच खरे. हॉस्टेलवर असलेल्या मुलीला ‘परीक्षा होऊ द्या’ म्हणायला जागा मिळते. ज्या घरात हे दडपण येणार असे मुलीलाच वाटते आहे, त्या घरातल्या मुलीने सातारा किंवा कऱ्हाडच्या मुलींच्या वसतिगृहाचा पर्याय आग्रहाने मांडावा, आणि मामाने, मावशीने, हायस्कूलच्या बाईंनी तिच्या बाजूने उभे राहावे. इथे कॉलेजच्या गुणवत्तेपेक्षा तीन वर्षे पुरी होणे महत्त्वाचे आहे.

वडूज आणि पुणे या दोहोंच्या मध्ये सातारा, कऱ्हाड, सांगली आहेत, आणि आपल्या चर्चेत त्यांना मिळते त्याहून जास्त महत्त्व त्यांना मिळायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते नेमके अशाच मुलांसाठी. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथे मुलाच्या स्वाभिमानाचा भाग होती. दिवसा काही तास काम, त्यावर जेवण-राहणे, आणि बाकीचा वेळ अभ्यास. १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. सांगली-मिरजेच्या दरम्यान विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून आहे. नरेंद्र दाभोलकर तिथे शिकले. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजसह कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये एकत्र येऊन २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले, त्यामुळे तिथे कला, विज्ञान, वाणिज्य यांच्यातले विषय एकमेकांत मिसळून घेण्याची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. तालुक्यात विषय नाही, पुणे झेपत नाही, अशा मुलाने आधी इकडे चौकशी करावी. वसतिगृहात जागा आहे का, कमवा आणि शिका योजनेत नाव लागेल का, हे प्रवेशाच्या आधीच विचारावे. नंतर खोली शोधायला गेले की पुण्याइतकाच खर्च येतो.

साताऱ्याला रोज एसटीने जाऊन-येऊन शिकण्याचा बेत मात्र टाळावा. पुसेगाव, कोरेगाव करत पन्नासेक किलोमीटर जायला दीड तास, यायला दीड तास. वर्षात दोनशे दिवस कॉलेज धरले तर सहाशे तास रस्त्यावर गेले. विद्यार्थी पासमुळे ते स्वस्त वाटते, पण कलाशाखेत अभ्यासाचा सगळा आधार वाचनावर, आणि वाचनाचेच तास त्यात जातात. त्यापेक्षा वडूजच्या कॉलेजात राहून ते सहाशे तास वाचनालयात घातलेले बरे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडची बरीच मुले बी.ए.ला जातात ती एमपीएससीसाठी. पदवी नावापुरती, बाकी सगळा वेळ सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत. माण-खटावने अधिकारी खूप दिले, त्यामुळे हे स्वप्न चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यासाठी अठराव्या वर्षी पुण्याला जायची गरज नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. स्वतःच्या शब्दांत मुद्देसूद लिहिता येणे हीच तिची कसोटी. ते तीन वर्षे बी.ए. नीट केल्याने येते, तास बुडवून क्लासच्या नोट्स पाठ केल्याने येत नाही. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आपल्या तालुक्यात मन लावून शिकलेला मुलगा एकविसाव्या वर्षी पुण्याला गेला, तर तो मागे पडलेला नसतो.

तेव्हा आमचे मत असे. हवा तो विषय आणि त्याला किमान दोन कायम प्राध्यापक जवळच्या कॉलेजात असतील, आणि घरात अभ्यासाला मोकळीक असेल, तर पहिली पदवी तालुक्यातच करावी, वाचलेला पैसा एम.ए.साठी ठेवावा आणि तेव्हा निःसंकोच लांब जावे. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर सातारा, कऱ्हाड, सांगलीचे वसतिगृह पाहावे. शिष्यवृत्ती हाती असेल किंवा ज्याच्या कलेला पुण्यातच वाव आहे असा मुलगा असेल, तर थेट पुणे. प्रवेश घेण्याआधी मुलाने त्या कॉलेजात एक दिवस काढावा, तृतीय वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारावे की किती तास खरोखर होतात, आणि वाचनालयात जाऊन पुस्तक घरी मिळते का ते पाहावे.

आमची शेवटची विनंती तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आहे. यंदा प्रवेश सुरू होण्याआधी दर्शनी फलकावर एक कागद लावा. प्रत्येक विषयाला कायम प्राध्यापक कोण, तासिका तत्त्वावर कोण, तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून कोणते विषय चालतात, चौथे वर्ष आहे की नाही, आणि वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते. त्यात उणिवा दिसल्या तरी चालतील. संस्थेकडे आणि सरकारकडे जागा मागताना तोच कागद तुमच्या कामी येईल, आणि पालक तुमच्या बाजूने उभे राहतील.